माणसाला ठाऊक असलेलं सगळं

बाबा एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथलं मोडीत निघालेलं कार्डांचं कपाट पनवेलच्या घरी आणलं आणि एकेका कार्डावर जगातली एकेक गोष्ट लिहायला घेतली. देवीची लस, गलबताचं शीड, काहीही. शंभरेक वर्षांपूर्वी बेल्जियममधल्या दोन वकिलांनी माणसाला ठाऊक असलेलं सगळं असंच कार्डांवर एका जागी आणायचा ध्यास घेतला होता. लोक टपालाने प्रश्न पाठवत, तिथून उत्तर जाई. पुढे लढाईत त्या कार्डांची वाताहत झाली, हे सांगताना बाबांचा आवाज उतरायचा.

मी एकदा त्यांना फोन दाखवला. "बाबा, आता सगळं यातच आहे."

त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. "म्हणजे जमलं कुणाला तरी," ते म्हणाले.

"मग तुम्ही अजून का लिहिता?"

"लिहिलं की मला कळतं."

नंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, शब्द गेले. पाण्याचा पेला दिसला की तोंडातून 'खिडकी' यायचं. आपलं चुकतंय हे त्यांना ऐकू यायचं, आणि ते मान खाली घालायचे.

वाचा-उपचार करणारी मुलगी खारघरहून यायची. ती म्हणाली, "काका ज्यात रमायचे, तिथून सुरुवात करा." मी कपाटाचा खण काढला. कार्ड वाचायचं आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा. कितीतरी दिवस ते नुसते कार्डाकडे बघायचे. मग एका सकाळी मी "गलबताचं" म्हणून थांबले आणि ते म्हणाले, "शीड."

आई ओल्या हातांनीच बाहेर आली. पण तिचं नाव काही त्यांना येईना.

"माझं कार्ड नाही ना त्यात," ती म्हणाली. "लिही एक."

तिने सांगितलं तसं मी लिहिलं. माहेर जासईचं. घरची मिठागरं होती. पोहायला येतं. लग्नात रडली नाही.

ते कार्ड मी रोज वाचायचे. नाव त्यांना कधीच आलं नाही. "माहेर" म्हटल्यावर मात्र एकदा ते आईकडे बघून सावकाश म्हणाले, "जासई."

पुढे ते जाईपर्यंत तिला त्याच नावाने हाक मारत. आई हातातलं काम ठेवून ओ द्यायची.