आप्पांच्या शेजारी

झेंडूचा वास आला की नव्वदच्या दशकातली गोदाघाटावरची एक सकाळ आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले इथले फोटो आणि त्याच जागा आज, अशी पुरवणी आम्ही काढत होतो. फुलं विकणाऱ्या सखूबाईंनी वडिलांचा फोटो आणला होता. घाटावर गणवेशात उभे असलेले वडील लढाईवरून परतलेच नाहीत. सखूबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या.

फोटोग्राफरने कळस आणि पायऱ्या जुळवून जागा नक्की केली. सखूबाईंनी चपला काढल्या, त्या पायरीवर झेंडू ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"मावशी, मधे या की! जागा रिकामी दिसतेय," फोटोग्राफर म्हणाला.

"रिकामी कशी? आप्पा हायेत तिथं. आमचा दोघांचा एकबी फोटो नाय."

संपादकांनी ती जागा न कापता फोटो छापला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तेव्हा मला फोटो अर्धा वाटला होता. आता त्यात दोघे दिसतात.