रांगोळी काढणारी बाई

"आई म्हणती, जेवलीस का न्हाय गं?" सरांनी माझा कागद दोन बोटांत धरून हेल काढत वाचलं. सगळा वर्ग हसला.

आदल्याच आठवड्यात, एम. ए. इंग्रजीच्या त्याच वर्गात, याच सरांनी चिकानो कविता शिकवली होती. अमेरिकेतल्या मेक्सिकन घरांतली पोरं इंग्रजी कवितेत आईची स्पॅनिश जशीच्या तशी ठेवतात. त्याला म्हणे कोड-स्विचिंग म्हणायचं. आईची हाक पुन्हा पुन्हा येते, तिचे हात हीच प्रतिमा होते. सर अगदी भारावून बोलत होते. मग म्हणाले, तुम्हीही आपापल्या घरावर मराठीत असं लिहून आणा.

माझी आई कोल्हापुरी चपलांसाठी कातड्याच्या वेण्या घालते. पट्टीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून. ओल्या कातड्याचा वास, तिचं बोलणं, सगळं मी लिहिलं होतं.

मी उभी राहिले. "सर, त्यांच्या आईचं चालतं, मग माझ्या आईचं का नाही?"

"ते साहित्य आहे. हे शुद्ध कर. आणि ते कातडं काढ. मग स्नेहसंमेलनात वाचू."

मी काढलं. लाज याची वाटते, की काढताना मला बरं वाटत होतं. कातड्याच्या जागी रांगोळी घातली. ती सरांनी सांगितली नव्हती, माझ्याच डोक्यातून आली. कवितेतली आई आता "बाळा, जेवलीस का?" असं गोड विचारू लागली.

संमेलनाला आई आली. काम बंद ठेवून, हाताला लिंबू चोळून. टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. मंगळवार पेठेतून चालत घरी येताना ती म्हणाली, "कविता ग्वाड व्हती. ती रांगोळी काढणारी बाई कोन गं? तुज्या मैतरणीची आई काय?"

मी म्हणाले, "व्हय."

त्या एका शब्दानं मला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. "वार्षिक अंकात माझी पहिली कविता छापा."

"तशी छापता येणार नाही."

"मग ती रांगोळीचीही अंकातून काढा."

"बक्षीसही परत द्यावं लागेल."

"घ्या की."

यात माझं शौर्य काही नाही. सरांनी नुसतं 'काढ' म्हटलं होतं. आईला तिच्याच कवितेतून हाकललं ते मी, आणि भर रस्त्यात तिला ओळख दिली नाही तीही मीच. ते अजून तिला माहीत नाही. आज सांगणार आहे. समजून घे म्हणणार नाही. तिनं थोबाडीत दिली तरी शेवटपर्यंत सांगणार आहे.