पाठीवरून आणलेला पाय

आमची पोस्ट सीमेवरच्या एका उघड्या डोंगरावर होती. मी पोलादपूरचा, नायक संतोष कशेडीचा. दोघे एकाच सेक्शनमध्ये. सकाळी ०६३० ला तोफेचा शेल पडला आणि माझ्या उजव्या पोटरीत त्याचं स्प्लिंटर घुसलं. संतोष रेडिओवर बोलला, "कॅज्युअल्टी वन. घेऊन येतोय. ओव्हर." पाठुंगळी मारून त्यानं मला दोन तासांत खाली एड पोस्टवर आणलं. "भाकऱ्या कमी हाण रे, लय जड हायस," एवढं म्हणाला आणि परत वर गेला. दुपारी तो शहीद झाला. मी तेव्हा ऑपरेशन टेबलावर होतो.

हॉस्पिटलात जखम सहा आठवडे भरेना. सर्जन साहेब म्हणाले, असंच राहिलं तर इन्फंट्रीला रामराम. मग मला फिजिओथेरपीच्या मेजर मॅडमकडे पाठवलं. रोज ०९०० वाजता जखमेच्या कडेकडेनं अल्ट्रासाउंडचा शेक, नंतर पॅड लावून हलका करंट. मुंग्या यायच्या. त्यावर बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी, झोपताना पाय उशीवर, आणि दर तासाला पंजा वीस वेळा वर-खाली. आमच्याकडे जखमेचा पाय हलवत नाहीत, म्हणून मी ते चुकवायचो. मॅडमनी पकडलं.

"जवान, पोटरी म्हणजे पायाचा पंप. पंप बंद ठेवलास तर सूज उतरणार कशी, जखम भरणार कशी?"

त्यानंतर एकही तास चुकवला नाही. महिन्याभरात वाटीएवढी जखम चिंचोक्याएवढी झाली.

मग सिक लीव्ह मिळाली आणि मी माती खाल्ली. अख्खी वाडी भेटायला यायची. मी ओटीवर खुर्ची टाकून, पाय खाली सोडून दिवसभर बसायचो. लोकांना जखम बघायची असायची, म्हणून पट्टी काढून ठेवली. "वाघ हाय रे आपला!" ऐकून छाती फुगायची. आठव्या दिवशी पाय टम्म सुजला आणि जखम पुन्हा उघडली.

त्याच दिवशी कशेडीहून संतोषचे वडील आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. माझी मान वर होईना.

"पाय खाली कशाला सोडलायस? पट्टी कुठं हाय?"

"आप्पा, लोकं बघायला येतात..."

"लोकं बघून आपापल्या घरी जातील. माझ्या पोरानं पाठीवरून आणलेला पाय हाय हा. नासवायला नाय आणला त्यानं."

भर ओटीवर मला रडू फुटलं. आप्पांनी स्वतः माझा पाय उचलून उशीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात हजर. मॅडमनी मनसोक्त झापलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी जखम भरली ती कायमची. मेडिकल बोर्डानं पूर्ण फिट लिहिलं. त्याच प्लाटूनमध्ये मी आणखी नऊ वर्षं काढली, त्याच पोस्टवर पुन्हा चढलो. आजही त्याचा अभिमान वाटतो.

आता पेन्शनवर आहे. दरवर्षी संतोष गेला त्या तारखेला घाट चढून पायी कशेडीला जातो. आप्पा चहाआधी म्हणतात, "दाखव." मी पँट वर करतो, पंजा वर-खाली करतो. ते व्रणावरून हात फिरवतात. मग आम्ही दोघे संतोषच्या स्मारकापाशी जातो. आप्पांना हल्ली नीट दिसत नाही. म्हणून समोर कवायतीसारखं थांबून सावधान होताना मी उजवा पाय जोरात आपटतो, त्यांना ऐकू जाईल असा.