पत्रिकेत नसलेलं नाव

हल्ली रत्नागिरीत जुन्या आठवणींना मोठी मागणी आहे. समुद्राकडे तोंड केलेल्या हॉटेलांत चहा करवंटीतून देतात आणि फोटोसाठी वर कंदील टांगतात. निवृत्त माणसं सभागृह भाड्याने घेऊन 'आमच्या वेळी' या विषयावर तीन-तीन तास बोलतात. आमच्या वेळी दारं उघडी टाकून झोपायचो. आमच्या वेळी शेजारी घरच्यासारखे. आमच्या वेळी ताजी मासळी दारात यायची. यायची म्हणजे कशी, स्वतःच्या पायांनी? हा प्रश्न मी अशाच एका कार्यक्रमात उभी राहून ओरडून विचारला. विचारला याची मला लाज नाही. कधी विचारला, याची आहे.

दारात मासळी नेणाऱ्यांपैकी एक आमची मोठी काकी. वडिलांच्या चुलतभावाची बायको. आता ऐंशीच्या पुढची, मिरकरवाड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. उमेदीत ती पहाटे बंदरावर म्हावरं घ्यायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून कातळापलीकडच्या गावात जायची. एसटी होती, पण पाटी दिसली की कंडक्टर घंटी मारून मोकळा व्हायचा. पाटीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं, आणि उन्हाळ्यात कातळावर पाय ठेववत नसे म्हणून बायका तो पट्टा जवळजवळ पळतच ओलांडायच्या.

प्रत्येकीची घरं ठरलेली असत. एकीच्या घरी दुसरी पाटी उतरवत नसे. काकीला तिच्या घरांतलं सगळं अजून पाठ आहे. कुणाला पेडव्यांचे काटे सोसत नसत, कुणाच्या म्हाताऱ्याला बांगड्याचं डोकंच लागायचं. एका घरची सून बाळंत झाली तेव्हा काकीने तिच्यासाठी आठवडाभर मोरी मासा राखून नेला, दूध यावं म्हणून.

ते घर शाळेतल्या बाईंचं. सून म्हणजे बाईच. त्यांच्या खळ्याच्या गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावर, एक करवंटी पालथी घातलेली असे. काकीसाठी. तिच्यात वरून चहा ओतायचा, काकीने बेड्याबाहेर, फाटकापलीकडे, उकिडवं बसून प्यायचा, करवंटी स्वतः विसळून परत पालथी घालायची. हे सांगताना काकीला राग येत नाही. "चाय बाकी झकास असायची. आलं घालायची गो ती," एवढंच म्हणते. राग मला येतो.

आमच्या घरात राग कागदावर उतरवायची पद्धत होती. वडील बर्फाच्या कारखान्यात कामाला होते आणि कामगारांना एकत्र करायचे. मी अक्षरओळख पत्रकांवर केली. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायचं. वडिलांचा एक नियम होता. पत्रकाखाली एकट्याचं नाव कधी घालायचं नाही. खाली लिहायचं 'समस्त कामगार'. नाव दिसलं की मालक नेमका त्यालाच उचलतो. त्यांच्या काळात तो नियम बरोबर होता. माणसं वाचली त्याने. मी तो नियम मोठी झाल्यावरही देवाच्या वाक्यासारखा धरून ठेवला.

गेल्या वर्षी शहरातल्या ज्येष्ठ मंडळींनी काही जुन्या माणसांचा सत्कार ठरवला. पत्रिका काकीकडे आली. तिला अक्षर फारसं लागत नाही, म्हणून मला हाक मारली. मी वाचली. डॉक्टर, वकील, निवृत्त मुख्याध्यापक, सगळे नाव-आडनाव-पदवीसकट. सगळ्यात खाली 'जुन्या काळची एक कोळीण'. सत्कार कुणाच्या हस्ते, तर त्या शाळेतल्या बाईंच्या. त्या आता गाव सोडून शहरातल्या फ्लॅटमध्ये राहतात.

"परत वाच," काकी म्हणाली.

मी परत वाचलं.

"माजं नाव?"

"नाही घातलं."

"जागा नसंल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "काय नाय. बाई आहेत ना. त्या घेतील नाव. रेशनकार्डाचा कागद त्यांनीच तर भरलान माजा. नाव विचारलान न् आपल्या हाताने लिवलान. 'छान नाव आहे हो' असं पण बोलली."

मला गंमत वाटली. "काकी, नावाचं काय एवढं?"

"तुला काय कळतंय. तुला कालिजात हजेरीला रोज घेत होते. माजं लग्नात तांदळात लिवलं, त्याच्यानंतर त्या कागदावर. मी ह्याची बायको, त्याची आय, आणि वर गावात गेलं की मासेवाली. एकदा माईकात घेतलं पायजे कुणीतरी. म्हणून चाललंय मी. नायतर ती शाल काय करायची, ह्या उकाड्यात?"

इतकं स्वच्छ सांगितलं होतं तिने. मी ऐकलं आणि घरी येऊन दोन पानी भाषण लिहिलं, तिने वाचायचं नाही तर मी तिच्या वतीने वाचायचं. त्यात पाखाडी होती, कंडक्टर होता, करवंटी होती. 'आम्ही' हा शब्द ओळीओळीला होता.

आदल्या दिवशी आयोजकांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेले, आवाज मऊ.

"ताई, पत्रिकेत जरा राहून गेलं. त्या आजींचं नाव काय पुकारायचं?"

आणि मी, माझ्या तत्त्वाच्या ताठ्यात, म्हणाले, "व्यक्तीचा प्रश्न नाही, साहेब. त्या समस्त कष्टकरी मच्छीमार स्त्रियांच्या प्रतिनिधी आहेत, असं सांगा."

"वा, वा," ते म्हणाले. "लिहून घेतो."

त्यांनी विचारलं होतं. हे मला कुठल्याही समितीच्या, कुठल्याही वर्गाच्या माथी मारता येत नाही.

कार्यक्रमाला काकी इस्त्रीची नऊवारी नेसून आली. एका वकिलांनी आठवणी सांगितल्या, मुख्याध्यापकांनी आठवणी सांगितल्या. सगळ्यांचं बालपण सुगंधी होतं. मग निवेदिकेने पुकारलं, "समस्त कष्टकरी मच्छीमार भगिनींच्या प्रतिनिधी!" लोक इकडेतिकडे बघायला लागले. काकी हललीच नाही. तिला कळलंच नाही की हे तिला आहे. मी कोपराने ढोसलं तेव्हा ती उठली.

मंचावर बाईंनी तिला शाल घातली, नारळ दिला आणि खरंच मायेने मिठी मारली. माईक हातात घेऊन म्हणाल्या, "ही आमची मासेवाली! काय हिची हाक असायची! आमच्याकडे करवंटीतून चहा प्यायची. आज लोक त्याचे पैसे मोजतात, हिला आम्ही तेव्हाच पाजला!"

हशा झाला. निवेदिका म्हणाली, "आजी, एकदा ती हाक होऊन जाऊ दे!" समोर मोबाइल वर झाले.

काकीने हाक दिली नाही. तिने माईक ओढून जवळ घेतला.

"बाई," ती म्हणाली, "माजं नाव सांगा बघू."

"अगं…" बाई हसल्या. "अगं, आम्ही तुला मासेवालीच म्हणायचो ना? प्रेमाने!"

"तुमी लिवलं होतंत. रेशनकार्डावर."

बाईंना आठवेना. मला दिसत होतं की त्या प्रामाणिकपणे आठवत होत्या. आणि त्या शांततेत काकीने माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत होते, चार पावलांवर. एक शब्द बोलायचा होता, साडेतीन अक्षरी. सभागृहाने ऐकला असता, बाईंनी पकडला असता, माईकात आला असता.

मी उभी राहिले आणि दोन पानांतलं सगळं ओरडले. मासळी स्वतःच्या पायांनी येत होती काय? करवंटी हा पाहुणचार होता की अस्पृश्यता? एसटीच्या घंटीबद्दल बोला! कुणीतरी "खाली बसा" म्हणालं, कुणीतरी टाळी वाजवली, आयोजकांनी माईक बंद करायला लावला. बाई रडायला लागल्या. दोघी-तिघी त्यांना पाणी द्यायला धावल्या. काकी मंचावर नारळ धरून तशीच उभी होती, आणि तिने विचारलेला प्रश्न आता कुणाच्याच लक्षात नव्हता.

मी जे बोलले त्यातला शब्दही मागे घेत नाही. अजूनही घेत नाही. पण त्या दिवशी ते बोलण्याची वेळ नव्हती, आणि ते बोलण्याचा हक्क माझा नव्हता.

परतताना रिक्षात काकी नारळ मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, "चांगली जिरवली ना त्यांची?"

"व्हय," ती म्हणाली. "लय बोललंस. सगळं बोललंस." मग बाहेर बघत, "तू पण नाय घेतलंस."

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "आजी, बंदरावर सोडू की वाडीत?" तिने त्यालाच उत्तर दिलं.

नंतर महिन्याभराने मी तिच्या ओटीवर गेले. ती सुकट निवडत होती. मी म्हटलं, "काकी, मी लिहिते हे. तुझ्या नावासकट, आडनावासकट. छापून येईल."

तिने सुपातून डोकं वर काढलं नाही. "त्यांच्या तोंडातून यायला पायजे होतं. तुज्या कागदावर काय? वर मोठ्या अक्षरात तुजं असणार, न् माजं आत कुठंतरी."

"मग नको लिहू?"

"लिव की. तुला लिवल्याशिवाय जेवण जातंय काय? माजं घालू नको म्हणजे झालं."

म्हणून इथे तिचं नाव नाही. माझंही छापू नका, असं मी संपादकांना कळवलं आहे. हे काकीला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा ती हसली.

"म्हणजे आता दोघी पण नाय," म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.