बटाट्यांना जागा हवी होती

एदुविना, तुझा निरोप पोचवायचा राहिला, म्हणून हे पत्र. तू वाचणार नाहीस; बैलाने चष्मा तुडवल्यापासून तू काहीच वाचलेलं नाहीस. तेव्हा शेजारणीकडून वाचून घे, आणि ती मधेच हसली तर हसू दे. तिला सगळं ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते.

एदुविना मान्सिया लग्न होऊन चिलोए बेटावरून इथे, दक्षिण चिलीतल्या आयसेनच्या डोंगरात आली, ती आईचे जांभळे बटाटे टोपीत घेऊन. बेटावर नुसता पाऊस. इथे हाडं फोडणारी थंडी. ऐन उन्हाळ्यात, डिसेंबरातसुद्धा एखाद्या रात्री दंव गोठायचं आणि रोपं काळी पडायची. बेणं घटत घटत पुन्हा त्याच टोपीत मावण्याइतकं उरलं. आणखी एक वाईट साल, की आईचे बटाटे संपले. बाईची झोप उडाली.

त्यात रेडिओवरचा शेतीतज्ज्ञ म्हणाला, "बाग हिवाळ्यातच आखा. बर्फ सगळ्यात आधी कुठे वितळतं ते बघा. तिथली जमीन उबदार."

जूनमध्ये हिवाळा लागला तशी बाई काठी घेऊन परसात उभी. सगळीकडे गुडघाभर बर्फ. फक्त घराच्या मागच्या भिंतीलगत काळी माती उघडी.

"बेलार्मिनो, चांगली जमीन आपल्या घराखाली आहे!"

नवरा चुलीपाशी माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत बसला होता. "मग?"

"मग घर हलवायचं."

दुसरा कुणी हसला असता. पण इथे चिलोएहून आलेली माणसं पुष्कळ, आणि त्यांना घर हलवणं म्हणजे कपाट सरकवणं. लाकडी घराखाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे, गावाने ओढायचं आणि घरधनिणीने सगळ्यांना जेवू घालायचं. सप्टेंबरात गाव जमलं. कोकरू आगीवर चढलं, सफरचंदाची दारू निघाली. बेलार्मिनो मात्र जागचा हलेना.

"उतर की रे!" शेजारचा ओयार्सो ओरडला.

"माझा माते व्हायचाय. ओढा तुम्ही."

घर कुंपणापर्यंत गेलं ते धुराड्यातून धूर सोडत, आणि खिडकीतून बेलार्मिनो हात हलवत होता. चष्मा गेला तो त्याच गडबडीत.

रिकाम्या चौकोनात बाईने बेणं लावलं. मूठभर मात्र टोपीतच ठेवलं. डिसेंबरात दंव गोठलं आणि सकाळी सगळी रोपं काळीठिक्कर. पांढऱ्या परसात एकच पट्टा ओला, काळा होता: घराच्या मागच्या भिंतीलगत. नव्या जागी. आतून तिथे चूल होती.

बाई तडक ओयार्सोकडे गेली. "तुला ठाऊक होतं, ती ऊब चुलीची आहे ते?"

"सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो असतो तर कोकरू कापलं असतंस?"

उरलेलं मूठभर बेणं तिने त्या भिंतीला लावलं आणि उन्हाळाभर रात्रंदिवस चूल पेटती ठेवली. बेलार्मिनो नुसत्या बनियनमध्ये बसून घाम पुसत शिव्या देत होता. पण मार्चमध्ये बटाटे निघाले, तेवढीच टोपी भरून.

तेव्हा तू मला म्हणालीस, "कोयाइकेला जातेस ना? त्या रेडिओवाल्याला सांग, लोकांना आधी चूल विझवायला सांगत जा, मग बर्फ बघायला."

मी हो म्हटलं होतं. कितीदा तिथल्या रेडिओ केंद्राच्या दारावरून गेले. पण तो माणूस केव्हाच बदलून गेला, एदुविना, आणि नवा आलाय तो केळीच्या लागवडीवर बोलतो. त्याला हे कुठून सुरू करून सांगू?