सावड मोडली तेव्हा

स्वाइन फ्लूची पहिली बातमी आमच्याकडं पोचली तेव्हा लोक पोट धरून हसले. विंझरच्या स्टँडवर चहा पिता पिता एकानं पेपर मोठ्यानं वाचला आणि दुसरा म्हणाला, "आमी डुकरं पाळत न्हाई, डुकरं खात न्हाई, आमाला कशाचा व्हतोय!" झालं. एवढ्यावर सगळा गाव निर्धास्त. पुण्यातली माणसं तोंडाला फडकी बांधून फिरतात म्हणून त्यांच्या नकला करायच्या, हाच उद्योग.

मग पुण्यात माणसं दगावल्याची बातमी आली आणि हसणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रातोरात गळ्यागळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या आल्या. एकानं तर म्हशीच्या गळ्यातही बांधली. मास्क मात्र घरटी एकच, दाराजवळच्या खुंटीला लटकवलेला. जो बाहेर जाईल त्यानं तो चढवायचा, परत आला की खुंटीला. सासऱ्याच्या तंबाखूचा वास सुनेनं दिवसभर हुंगायचा, आणि वर म्हणायचं, आमी लई काळजी घेतो! एसटीत कोणी शिंकलं की माणसं अंग चोरून खिडकीकडं सरकायची, आणि तिथं मास्क हनुवटीखाली ओढून पिचकारी मारायची. एवढी अक्कल.

आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. मजूर कोणी लावत नाही. चार घरच्या बाया मिळून आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. ज्यांच्याकडं आपण राबलो त्यांनी आपल्याकडं राबायचं. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, हे वरल्या आळीची आक्का ठरवायची. तिचं स्वतःचं कायम पहिलं. आमचं कायम शेवटी, कारण म्हणे आमची खाचरं ओढ्याकाठी, पाणी टिकतं. त्या साली पाऊस लांबला, सगळ्यांच्याच लावण्या मागं पडल्या. मी आणि माझी सासू, त्यांना मी आत्या म्हणते, दोघी सगळ्यांच्या चिखलात वाकून कंबरडं मोडून घेऊन आलो, तेव्हा कुठं आमचा दिवस उगवला.

नेमकी तेव्हाच पुण्यातली कॉलेजं बंद झाली आणि माझी लेक घरी आली. ठणठणीत पोर. एसटीतून उतरून भिजत आली, अंगणात शिंकली, आणि ते शेजारणीनं ऐकलं. बास!

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या भाकऱ्या थापून, उसळ करून बांधावर जाऊन बसले. यांनी कंपनीतून रजा काढून चिखलणी करून दिली होती आणि ते परत ड्यूटीवर गेले होते. रोप जून व्हायला लागलं होतं. ते लगेच लावलं नाही तर वर्षाचं भात गेलं, आणि आम्ही खातो ते तेवढंच. वाट बघून बघून डोळे दुखले. एक बाई फिरकली नाही.

गेले आक्काच्या दारात. ती आतूनच, पदर नाकाला लावून बोलली.

"तुजी पोर पुण्यास्नं आलीया. आमाला लेकरंबाळं हायती बाई. हितं नगं थांबू."

"ती शेतात येणार न्हाई, घरात बसंल," मी म्हटलं.

"तू तिच्याच संगं ऱ्हातीस न्हवं?"

अन् हिचा स्वतःचा लेक? तो रोज मोटारसायकलवर दूध घेऊन पुण्याला जात होता, दारोदार घालत होता. त्याच्याबद्दल चकार शब्द नाही! त्याच दुपारी याच सगळ्या बाया देवीच्या देवळात जमल्या, रोग गावात येऊ नये म्हणून साकडं घालायला. खांद्याला खांदा लावून, एकमेकींच्या तोंडावर आरती म्हणत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"भ्याली असतील गं बिचारी," आत्या म्हणाल्या. त्यांचं हे नेहमीचंच, सगळ्यांना पदराखाली घ्यायचं. मी म्हटलं, "आत्या, बिचारी आपण हाय. त्या न्हाईत."

मग आम्ही तिघीच उतरलो खाचरात. सत्तरी उलटलेल्या आत्या, मी आणि पोर. धो धो पाऊस, आणि पोर तोंडाला रुमाल बांधून, आमच्यापासून लांब, खाचराच्या पार कोपऱ्यात एकटी लावत होती. रुमाल ओला होऊन नाकाला चिकटायचा, तिला धाप लागायची. म्हटलं, काढ तो. तर म्हणाली, "नको आई, रस्त्यावरून कोणी बघितलं तर." कोणाला शिव्या द्याव्या तेच मला कळेना. निम्मी खाचरं झाली. बाकीचं रोप पिवळं पडलं, आणि उरलेल्या खाचरांत गवत माजलं.

पुढं गणपती आले आणि लोकांची भीती गेली. साथ काही गेली नव्हती, उलट आता कुठं आमच्या बाजूला सरकत होती. पण लोकांना कंटाळा आला होता ना! पुरचुंड्या उकिरड्यावर, मास्क मोटारसायकलची सीट पुसायला. आक्का नळावर मला म्हणते कशी, "पोर बरी हाय न्हवं? आमी आपलं काळजीपोटी म्हनलं व्हतं." मी हंडा उचलला आणि चालू पडले.

दिवाळीच्या सुमाराला नवा तांदूळ निघाला. आमचा किती निघाला ते गावानं बघितलंच होतं. एके सकाळी आक्का पातेलंभर तांदूळ घेऊन दारात. "औंदा तुमचं निम्मंच झालं, म्हनून आनलं." मी ते पातेलं तिच्यासकट अंगणात भिरकावलं असतं. पण आत्या उठल्या. पातेलं घेतलं, तांदूळ आमच्या डब्यात ओतला. मला म्हणाल्या, "असू दे. तिची लावणी आपल्याच हातची हाय."

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. काही नसलं तर साखरेचे चार दाणे टाकायचे. घरात मीठसुद्धा उसनं आणावं लागायचं, त्या दिवसांतही आत्यांनी ही रीत मोडलेली मी बघितली नव्हती. त्या मागच्या दारी गेल्या. राखेनं पातेलं घासलं, विसळलं, पदरानं कोरडं केलं आणि आक्काच्या हातात ठेवलं. आक्का त्या रिकाम्या पातेल्यात बघत राहिली.

"घासून दिलंय, आक्का," आत्या म्हणाल्या. "आमच्या घरचं कायबी लागलेलं न्हाई त्येला."