एकेचाळिसावं घर

परसराम पाणकर भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तो जे करून बसला त्यावरून कुणाचा भलताच समज व्हायचा. पाणकर म्हणजे गावच्या तलावाचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारा माणूस. आमगावच्या दक्षिणेला त्याच्या कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्या जातीच्या, वाडवडिलांनी बांधलेला मोठा तलाव होता, आणि त्या तलावाची मातीची पाळ हीच परसरामची दुनिया होती. पाळीवर घूस दिसली तरी त्याचं जेवण जात नसे.

त्या गावात एक शब्द कुणी उच्चारत नसे. आपल्या बायका बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळही आपण वाढवतोच. तसा त्या गावात तलावही कधी 'फुटत' नसे, तो 'वाढत' असे. परसरामच्या आज्याच्या काळी तो एकदा वाढला होता आणि अर्धं गाव घेऊन गेला होता. तेव्हापासून लहान पोरानेही तो दुसरा शब्द काढला तर त्याच्या तोंडावर चापट बसे.

अशा माणसाने खेळ शोधून काढला. पाणी कुणाला आधी, यावरून होणाऱ्या भांडणांना कंटाळून त्याने जुन्या पासोडीवर गेरूने एक पट काढला. वरती तलाव, खाली घरं आखलेले चार पाट, प्रत्येक पाटावर चौघांची शेतं. कवड्या टाकायच्या, पाणी म्हणून चिंचोके घराघराने पुढे सरकवायचे आणि आपल्या शेतात पाणी न्यायचं. पाटाच्या शेवटच्या शेताला आधी पाणी दिलं नाही तर एक डाव गमवायचा. आणि एकेचाळिसाव्या घरात कुणी पडलं की तलाव वाढला, सगळ्यांचं सगळं पाणी गेलं, डाव पहिल्यापासून. पाण्यावरून डोकी फोडणारे लोक हा खेळ मांडून दुपारभर बसायला लागले. तेव्हा यशोदाबाईच, त्याची बायको, म्हणाली, "गोंदियात छापून आना ना जी. आपल्याच गावानं काऊन खेळायचं?"

गोंदियाच्या छापखान्याचा मालक ईश्वरदास धंद्यात मुरलेला माणूस. शंभर पट छापू, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, विकू, खपले तर दरवर्षी काढू, असं तो म्हणाला. पण आधी खेळून बघू. त्याने आपल्या दोन हिंदी बोलणाऱ्या मित्रांना बसवलं. खेळ रंगात आला, आणि एक जण एकेचाळिसाव्या घरात पडला. तिथे लिहिलं होतं, 'तलाव वाढला'.

"तालाब बढ़ गया!" तो ओरडला. "सब पानी मेरा!" आणि त्याने दोन्ही हातांनी सगळ्यांचे चिंचोके ओढून घेतले.

परसरामने समजावलं. नाही जी, वाढला म्हणजे गेला. तिघांपैकी कुणालाच उमगेना. शेवटी त्याने मूठ मिटून झटकन उघडून दाखवली.

"अरे, फूटा!" ईश्वरदास हसला. "तो फुटला लिखो ना, भैया. सीधी बात. तुमच्या हाताने लिहून द्या, मी ठसा खोदायला देतो. याच्याशिवाय खेळ कोणाला समजणार नाही."

परसरामने पासोडी गुंडाळली. 'विचार करतो' म्हणून तो घरी परतला. तलाव काठोकाठ भरला होता, श्रावण धो धो कोसळत होता, आणि ज्या शब्दाने तोंडात मार बसतो तो शंभर कागदांवर आपल्या अक्षरात छापायचा! यशोदाबाईने ऐकलं आणि तिचाही चेहरा उतरला. "राहू द्या मंग. घरातच खेळू." पण राहू द्यायला त्याचं मन होईना. जन्मात पहिल्यांदा त्याला पाळीपलीकडचं काहीतरी हवं झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्याला पाळीच्या बाहेरच्या अंगाला परातीएवढा ओला डाग दिसला.  त्याने गावच्या जाणत्याला, खुशालभाऊला गाठलं. त्याचीच शेतं पाळीच्या अगदी खाली होती.

"खुशालभाऊ, पाळ जराशी घामेजून राहिली जी."

"पावसात कोनाले घाम नाई येत गा?" खुशाल खेकसला. "भरल्या तलावावर अभद्र नोको बोलू."

परसरामला बरंच वाटलं. भित्र्या माणसाला 'काही नाही' असं कुणी दरडावून सांगितलं की त्याच्यासारखं औषध नाही. त्याच आठवड्यात तो गोंदियाला गेला आणि आपल्या हाताने लिहून आला: 'एकेचाळीस. तलाव फुटला. सर्वांनी पळावे.' शब्द गोंदियात, तलाव कोसभर दूर नाही, चांगला कित्येक कोस दूर; शब्दाला चालत यायला वेळ लागेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. परतताना गाडीत त्याने दहादा जीभ चावली.

मन चिंती ते वैरी न चिंती. आठव्या दिवशी सकाळी तो पाळीवर चढला तर डागातून मनगटाएवढी धार सुटलेली. आणि पाणी गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून चालली, हे त्याला बापाने शिकवलं होतं. खाली खुशालच्या भाताच्या बांधीत छत्तीसगडहून आलेल्या तीसेक बायका रोपांचा रोवणा करत होत्या. वाकलेल्या पाठी, चिखलात गुडघे, तोंडी गाणं.

"वाढला!" परसराम ओरडला. "तलाव वाढला!"

गावात कल्लोळ उठला. लोक टेकडीकडे पळाले. पण खालच्या बायकांपैकी एकीने मान वर केली आणि हसून हात हलवला. पाणी वाढलं, म्हणजे चांगलंच की! ती पुन्हा वाकली. परसरामच्या डोळ्यांपुढे ईश्वरदासचा मित्र आला, दोन्ही हातांनी चिंचोके ओढणारा.   जीभ जणू टाळूला शिवली होती.

"फुटला!" तो किंचाळला. "तलाव फुटला! पळा वो, फुटला!"

बायकांनी हातातली रोपं टाकली आणि पळाल्या. शेवटची बाई टेकडीच्या पायथ्याशी पोचली तेव्हा पाळ गेली. माणूस एकही गेलं नाही. खुशालची बैलजोडी गेली आणि गावाचं सगळं धान रेतीखाली गेलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. गावाने ऐकलं ते एवढंच, की परसराम 'फुटला' म्हणाला आणि तलाव गेला. लोक त्याला बघून रस्ता बदलू लागले. त्याहून वाईट हे, की त्यालाही ते खरं वाटे. गावाला तर फक्त त्याची हाक माहीत होती. आठ दिवस आधी गोंदियात लिहून दिलेला कागद त्याला एकट्याला माहीत होता, आणि आता तो शंभर वेळा छापून मंडईत यायचा होता.

आला. आमगावच्या मंडईत ईश्वरदासच्या माणसाने गठ्ठा उतरवला. परसरामने पट मांडला आणि अंग चोरून बसला. परगावचे लोक जमले, खेळ त्यांना पटकन समजला. कुणी एकेचाळिसाव्या घरात पडलं की सगळे मिळून ओरडत, "फुटला!" आणि हसत. प्रत्येक वेळी परसराम जीभ चावे. पट मात्र भराभर खपत होते.

दुपारी हातात काठी घेऊन खुशाल आला. लोक बाजूला झाले. त्याला वाचता येत नव्हतं, पण ओरडणं त्याने ऐकलं होतं.

"हा शब्द कवा लिवलास गा?"

परसरामला खोटं बोलता आलं असतं.  "तलाव जायच्या आठ दिवस आधी जी."

आता काठी बसणार म्हणून त्याने डोळे मिटले. काठी बसली नाही. खुशाल त्याच्यासमोर खाली बसला होता.

"मंग मले नुसता 'घाम' कायले सांग्तलास?"

"तुमीच म्हनले, अभद्र नोको बोलू."

खुशालने पटावरच्या तलावावर बोट ठेवलं. त्या दिवशी बांधीत असलेल्या तीस बायका त्यानेच बोलावून आणल्या होत्या.

"एक पट दे," तो म्हणाला. "नातीले वाचता येते. पन आधी तू वाच."

"एकेचाळीस," परसराम पुटपुटला, "तलाव फुटला. सर्वांनी पळावे."

"असा नाई. मोठ्यानं वाच. खालच्या बांधीत आयकू गेला पायजे."

परसरामने पुन्हा वाचलं.